घोट्याचं भान

मैदानावर नुकतंच पाणी मारून झालं होतं. खो-खोच्या सरावाला आलेल्या मुली खांबापाशी बुटांच्या नाड्या बांधत बसल्या होत्या. त्यांतली एक पाच आठवड्यांनी परतली होती. दहावीतली, आणि संरक्षणात आमच्या संघाची सगळी भिस्त जिच्यावर, ती. खांबाला वळसा घालताना तिचा उजवा पाय बाहेरच्या अंगाने मुरगळला होता. "ताई, आता काहीच होत नाही. बघा, सूजसुद्धा नाही," असं म्हणून तिने पाय पुढे केला. सूज खरंच नव्हती. घोट्याभोवती दाबून पाहिलं, कुठे दुखत नव्हतं. चालताना लंगडत नव्हती. घरी आईने खेळायला परवानगी दिली होती, डॉक्टरांनी 'हळूहळू सुरू कर' म्हटलं होतं, आणि जिल्हा निवड चाचणी अकरा दिवसांवर आली होती.

मी म्हटलं, बूट-मोजे काढ. हात कमरेवर ठेव. डाव्या पायावर उभी राहा आणि डोळे मीट. ती उभी राहिली. मी वीस आकडे मोजले, पाय जमिनीत रोवल्यासारखा. मग उजव्या पायावर उभं राहायला सांगितलं. डोळे मिटताक्षणी पायाच्या पाठीवरच्या दोऱ्या एकेक करून ताठ होऊ लागल्या. अंगठ्याने जमीन घट्ट धरली, सोडली, पुन्हा धरली. करंगळीकडची कड उचलली गेली आणि टेकली. नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू कातडीखाली वळवळताना स्पष्ट दिसत होता. मग कंबर एका बाजूला गेली, कमरेवरचे हात सुटले आणि सातव्या आकड्याला डावा पाय खाली आला. तिने डोळे उघडले आणि स्वतःच्याच पायाकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तशी.

हा लेख त्या सात आकड्यांविषयी आहे. घोटा बरा झाला की नाही हे आपण सूज आणि वेदना पाहून ठरवतो. मुरगळण्यात जी गोष्ट खरोखर जाते ती सुजेत दिसत नाही आणि वेदनेतही कळत नाही. पाय कुठे आहे, कसा कलला आहे, आता कुठे पडणार आहे, याचं शरीराला जे न बोलता कळत असतं ते भान जातं. आणि ते आपोआप परत येईलच असं नाही. ते परत आणणं हा उपचाराचा शेवटचा, हौसेचा भाग नाही, तोच उपचार आहे, असं माझं ठाम मत आहे.

'मुरगळला' या शब्दाने आपलं मोठं नुकसान केलं आहे. हाड मोडलं की घरात धावपळ होते, प्लास्टर बसतं, शाळेत वर्गमित्र त्यावर सह्या करतात. पाय मुरगळला की आंबेहळदीचा लेप, मिठाच्या पाण्याचा शेक, गावाकडे असाल तर हाडवैद्याकडे एक फेरी, शहरात असाल तर क्रेप बँडेज आणि एखादी मलमाची नळी. 'मोडलं नाही ना, मग झालं' हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकलं आहे आणि खेळत होते तेव्हा स्वतःही म्हटलं आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी विभागीय सामन्यात माझा डावा घोटा मुरगळला. थंड फवारा मारला, पट्टी करकचून बांधली आणि मी पुढच्या डावात पळाले. टाळ्या मिळाल्या. पुढच्या दोन वर्षांत तोच पाय आणखी चार वेळा मुरगळला. शेवटच्या वेळी तर मी सपाट डांबरी रस्त्यावर, भाजीची पिशवी घेऊन चालले होते.

सपाट रस्त्यावर चांगला धडधाकट पाय का मुरगळावा? या प्रश्नाचं उत्तर मिळण्यासाठी आधी घोटा कसा बांधला आहे ते पाहायला हवं.

नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड यांनी मिळून खाली एक खाच तयार केली आहे. सुताराने लाकडात ठोकळा बसवावा तसं या खाचेत टॅलस नावाचं हाड बसतं. टॅलसची गंमत अशी की त्याला एकही स्नायू जोडलेला नाही. शरीराचा सगळा भार त्याच्यावरून जातो, पण त्याला थेट ओढून धरणारं कुणी नाही. वरची खाच, खालचं टाचेचं हाड आणि भोवतीचे अस्थिबंध एवढ्याच्याच आधारावर ते असतं. दुरून जाणारे स्नायू बाकीच्या पावलाला वळवतात आणि टॅलस त्यांच्या मागोमाग जातं. शिवाय या हाडाची पुढची बाजू रुंद आहे आणि मागची अरुंद. पाऊल वर उचललेलं असलं की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. टाच उचलून चवड्यावर उभं राहिलं की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल होतो.

आता खो-खोतली संरक्षक आठवा. ती सगळा वेळ चवड्यावर असते. साखळीतून जाताना, हुलकावणी देताना, खांबाजवळ आक्रमकाला चकवून दिशा बदलताना तिची टाच जमिनीला लागतच नाही. म्हणजे ज्या स्थितीत घोटा सर्वांत सैल असतो, नेमक्या त्याच स्थितीत ती त्याच्याकडून सर्वांत अवघड काम करून घेत असते. पाऊल आत वळून बाहेरच्या कडेवर पडलं की घोट्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या तीन अस्थिबंधांपैकी पुढचा सर्वांत आधी ताणला जातो आणि बहुतेक वेळा तोच फाटतो. ज्याला आपण मुरगळणं म्हणतो तो हा फाटलेला धागा आहे. कधी थोडा, कधी पुरता.

इथपर्यंत सगळं दोरीच्या भाषेत सांगता येतं. दोरी ताणली, फाटली, काही आठवड्यांत सांधली, थोडी सैल राहिली. आणि अनेक प्रशिक्षकांची, पालकांची आणि काही डॉक्टरांचीही समजूत इथेच थांबते. दोरी सैल राहिली म्हणून पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो, असं त्यांना वाटतं. हे अर्धं खरं आहे. काही घोटे तपासले तर चांगलेच सैल लागतात आणि तरी त्यांचे मालक वर्षानुवर्षं निर्धास्त खेळतात. काही घोटे तपासताना घट्ट वाटतात आणि तरी पायऱ्या उतरताना दगा देतात.

1965 मध्ये मायकेल फ्रीमन या ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सकाने या कोड्याला हात घातला. त्याच्या रुग्णांची तक्रार एकच होती, पाय मधेच सोडून देतो. पण सगळ्यांचे अस्थिबंध सैल नव्हते. त्याने त्यांना एकट्या दुखऱ्या पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि दुसऱ्या पायाशी तुलना केली. माझ्या मैदानावर झालं ते काही नवं नव्हतं. फ्रीमनचा निष्कर्ष असा की अस्थिबंध ही केवळ दोरी नाही, त्यात मज्जातंतूंची टोकं आहेत आणि ती सांध्याची खबर वर पोहोचवतात. बंध फाटला की खबर देणारे तंतूही फाटतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव केलेल्या रुग्णांमध्ये पाय सोडून देण्याची तक्रार कमी राहिली. शरीराच्या या आतल्या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्येच नाव दिलं होतं, प्रोप्रिओसेप्शन. मराठीत त्याला स्थितिभान म्हणता येईल. मी मुलींशी बोलताना नुसतं 'पायाचं भान' म्हणते, त्यांना लगेच कळतं.

फ्रीमनचं सगळंच जसंच्या तसं टिकलं नाही, आणि ते सांगायला हवं. तंतू तुटले म्हणून खबर बंद झाली, इतकं सरळ हे नसतं. पुढे डेन्मार्कमध्ये कॉनराडसन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या घोट्याचे अस्थिबंध औषधाने बधिर करून पाहिले. दुसऱ्याने पाय हलवला तर तो किती कलला हे त्यांना नीट सांगता येईना, पण स्वतः स्नायू वापरून हलवला की बरोबर सांगता आलं. म्हणजे खबर देणारा अस्थिबंध एकटा नाही. स्नायूंच्या आत, त्वचेत, तळपायातही खबरे आहेत. मग मुरगळल्यानंतर नेमकं काय बिघडतं?

इथे मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. ती वेळेविषयी आहे. पाऊल वाकडं पडल्यापासून घोटा मुरगळून जाईपर्यंत सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ असतो. नडगीच्या बाहेरच्या अंगाला जे स्नायू आहेत, वैद्यकीय भाषेत पेरोनियल, त्यांचं काम पावलाला बाहेर ओढून सावरणं. त्याच कॉनराडसन यांनी 1997 मध्ये मोजलं की घोटा अचानक कलवला तर या स्नायूंत पहिली हालचाल सुमारे 54 मिलिसेकंदांनी सुरू होते, पण सावरण्याइतकं प्रत्यक्ष बळ तयार व्हायला 170 मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. म्हणजे पाय वाकडा पडला हे कळून सावरायला गेलं तर उशीर झालेला असतो. आपली प्रतिक्षिप्त क्रिया कितीही चपळ असो, ती घटनास्थळी पोहोचते तेव्हा घटना घडून गेलेली असते.

तर मग आपण सगळे रोज का मुरगळत नाही? कारण निरोगी शरीर पाय पडण्याची वाट बघत बसत नाही. पाऊल हवेत असतानाच स्नायू किती ताठ ठेवायचे, कोणत्या कोनात उतरायचं, हे ठरलेलं असतं. अंधारात जिना उतरताना आपण एक पायरी जास्त धरतो आणि पाय धाडकन सपाट जमिनीवर आपटतो, सगळं अंग हादरतं, तो अनुभव सगळ्यांना आहे. न असलेल्या पायरीसाठी पाय आधीच तयार झालेला होता, आणि ती तयारी चुकली म्हणूनच आपल्याला कळली. एरवी ती इतकी बिनबोभाट चालते की आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. मुरगळल्यानंतर ही आधीची तयारी बिघडते. दुखऱ्या दिवसांत शरीर त्या पायाला वाचवायला शिकतं, पाऊल वेगळं टाकायला शिकतं, काही स्नायू कमी वापरायला शिकतं. सूज उतरते, पण शिकलेलं उतरत नाही. सपाट डांबरी रस्त्यावर माझा पाय मुरगळला तेव्हा दोरी नव्हती तुटली. पाऊल हवेत असतानाच चुकलेलं होतं.

आणि हे बिघडणं घोट्यापुरतं राहत नाही. 1994 मध्ये बुलक-सॅक्स्टन आणि प्रागचे व्लादिमीर यांदा यांनी दाखवलं की घोटा जोराने मुरगळलेल्या माणसांत मांडी मागे नेताना पुठ्ठ्याचा मोठा स्नायू उशिरा जागा होतो. घोटा खाली, पुठ्ठा वर, मधे अख्खा पाय. पण पाऊल कुठे पडणार हे बरंचसं खुब्यापासून ठरतं. खुबा वेळेवर धरत नसेल तर पाय शरीराच्या मध्यरेषेकडे आत पडतो आणि भार बाहेरच्या कडेवर जातो. म्हणून माझ्यासमोर डोळे मिटून उभ्या असलेल्या त्या मुलीची कंबर आधी कलली आणि मग पाय खाली आला. मैदानावर मी पायाकडे कमी आणि कमरेकडे जास्त बघते.

प्रशिक्षक मंडळींचा यावर नेहमीचा आक्षेप असतो की एवढं कशाला, पोटऱ्या दणकट करा, घोटा आपोआप राहील. दोरीवरच्या उड्या, बैठका, चवड्यावर उठाबशा. मी या व्यायामांच्या विरोधात नाही, ते हवेतच. पण बळ आणि भान या वेगळ्या गोष्टी आहेत. बैठका मारणारा धिप्पाड मुलगा डोळे मिटून एका पायावर पाच सेकंद टिकत नाही, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. स्नायूत जोर असणं आणि योग्य क्षणी, योग्य तेवढाच जोर लागणं यांत तबल्यावर जोराने थाप मारणं आणि ठेका धरणं यांच्याइतकं अंतर आहे.

भान शिकवता येतं का, याचा चांगला पुरावा नेदरलँड्समधून आला. 2009 मध्ये फेरहाखेन आणि सहकाऱ्यांनी घोटा नुकताच मुरगळलेल्या 522 खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना नेहमीचे उपचार मिळाले. त्यातल्या निम्म्यांनी त्याशिवाय आठ आठवडे घरीच, कुणाच्या देखरेखीशिवाय, तोलाचे व्यायाम केले. वर्षभरात फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 33 टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला, व्यायाम केलेल्यांपैकी 22 टक्क्यांचा. घरच्या घरी, एका फळीवर उभं राहून एवढा फरक पडतो.

पण त्याच गटाचा पुढचा अभ्यास माझ्या बाजूने नाही, आणि तो लपवून ठेवणं बरोबर होणार नाही. 2014 मध्ये त्यांनी तोलाचा व्यायाम आणि घोट्याला बांधायचा आधारपट्टा यांची थेट तुलना केली. वर्षभरात पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण व्यायामवाल्यांत 27 टक्के होतं, पट्टावाल्यांत 15 आणि दोन्ही करणाऱ्यांत 19. म्हणजे पट्टा जिंकला. आधार बांधल्याने पाय कमकुवत होतो, तो कुबडी आहे, असं आमच्या मैदानांवर सर्रास म्हटलं जातं. या आकड्यांपुढे ते टिकत नाही. मी स्वतः बरीच वर्षं तसंच म्हणत होते आणि मुलींना पट्टा काढायला लावत होते. ते चूक होतं. आता पहिलं वर्षभर सरावात आणि सामन्यात आधार बांधायला सांगते.

तरीही माझं म्हणणं मी सोडत नाही. पट्टा घोट्याला टोकापर्यंत कलू देत नाही, हे त्याचं काम आणि ते तो चोख करतो. पण पाऊल कुठे आणि कसं टाकायचं हे शरीराला पुन्हा शिकवणं त्याच्याने होत नाही. खेळाडू आयुष्यभर खेळत नाही, पण आयुष्यभर चालतो. पट्टा कपाटात जातो, घोटा बरोबर राहतो. गुडघ्याची झीज वयाने येते तशी घोट्याची सहसा येत नाही. घोट्याची झीज बहुतेक वेळा जुन्या दुखापतीतून येते, आणि त्यात पुन्हा पुन्हा मुरगळलेल्या घोट्यांचा मोठा वाटा आहे. पंधराव्या वर्षी मुरगळलेला पाय पंचेचाळिसाव्या वर्षी हिशेब मागायला येतो. मी आज सिंहगड चढून जाते, उतरताना मात्र डाव्या पायाखालचा प्रत्येक दगड बघून उतरते.

हे सगळं कळूनही मुली दहा दिवसांत मैदानावर का परततात? त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे. महाराष्ट्रात खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. जिल्ह्याच्या, विभागाच्या, राज्याच्या संघात नाव येणं ही शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या घरातल्या मुलीसाठी पोलिस भरतीच्या आणि वर्दीच्या दिशेने टाकलेली एकेक पायरी असते. निवड चाचणी एका दिवशी असते. त्या दिवशी घोट्यात काय शिल्लक आहे हे कुणी विचारत नाही. अशा मुलीला 'अजून सहा आठवडे थांब' म्हणणं सोपं नाही, आणि तिने ते मानलं नाही तर तिला दोष देणं तर मुळीच न्यायाचं नाही. दोष व्यवस्थेचा आहे. तिला थांबण्याची किंमत मोजावी लागते, न थांबण्याची किंमत मात्र कुणाच्या हिशेबात येत नाही, कारण ती वीस वर्षांनी मोजायची असते.

19 ऑक्टोबर 2023 ला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर क्रिकेट विश्वचषकात भारत आणि बांगलादेश सामना होता. हार्दिक पंड्याने स्वतःच्या गोलंदाजीवर आलेला सरळ फटका पायाने अडवायचा प्रयत्न केला, तोल गेला आणि डावा घोटा दुखावला. त्याच्या षटकातले उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. देशातले सर्वोत्तम डॉक्टर, फिजिओ, स्कॅन, सगळं हाताशी असूनही पंड्या त्या विश्वचषकात परतला नाही. तो स्पर्धात्मक सामन्यात दिसला तो थेट पुढच्या वर्षी. आता याच पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर, हातात क्रेप बँडेज धरलेल्या मुलीला आपण किती दिवस देतो?

मैदानाचाही यात भाग आहे, आणि खो-खोत तो वाढतो आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही विजेतेपदं भारताला मिळाली आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्या आठवड्यात आमच्या मुलींचे डोळे चमकत होते. पण ती स्पर्धा मॅटवर होती, आणि मोठ्या स्पर्धा आता बहुतेक मॅटवरच होतात. सराव मात्र गावोगावी मातीवर चालतो. मातीत पाऊल थोडं घसरतं. ते घसरणंच सुटकेचं असतं, जोर जमिनीत जातो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट जागीच थांबतो आणि वरचं शरीर पुढे वळत राहतं. उरलेला फरक घोट्याला भरून काढावा लागतो. कुस्तीगीर खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये मातीऐवजी मॅटवर लढले ते पुरेशा सरावाशिवाय, आणि तरी सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. पायाखालचा पृष्ठभाग बदलला की शरीराला पुन्हा शिकावं लागतं, ही गोष्ट आपल्या क्रीडा इतिहासाच्या पहिल्या पानावरच आहे. मातीवर शिकलेल्या मुलीला मॅटवर थेट सामन्यात उतरवू नका, आधी काही दिवस मॅटवर नुसतं वळायला, थांबायला द्या, एवढंच मागणं आहे.

आणि जे शिकवायचं आहे त्याला खर्च जवळपास नाही. पाय मुरगळला की पहिल्यांदा हाड तपासायचं. कॅनडातल्या ओटावामध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलेले साधे नियम आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, करंगळीकडच्या हाडाच्या बुडाशी किंवा पावलाच्या आतल्या कमानीवरच्या हाडावर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर थेट एक्स-रे काढायचा. तसं काही नसेल तर पूर्ण विश्रांतीत पडून राहायचं नाही. दुखणं सोसवेल तितकी हालचाल लवकर सुरू करायची, आणि भार पेलवू लागला की एका पायावर उभं राहणं. आधी डोळे उघडे, मग मिटून. मग उभं राहून सहकाऱ्याशी चेंडू झेलणं, कारण खेळात लक्ष पायाकडे नसतं. मग उशीवर किंवा घडी घातलेल्या सतरंजीवर. मग छोटी उडी मारून एका पायावर उतरायचं आणि दगडासारखं थांबायचं. शेवटी खांब, वळण, अचानक खो. रोज दहा मिनिटं, वॉर्म-अपच्या आतच बसतात. फिजिओ नसेल तरी शिक्षक करवून घेऊ शकतो. मुलगी दात घासतानासुद्धा एका पायावर उभी राहू शकते.

परतायचं कधी, हे ठरवायला तारीख नको, मोजमाप हवं. आम्ही जमिनीवर खडूने तीन रेषा आखतो, एक सरळ पुढे, दोन तिरक्या मागे. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने प्रत्येक रेषेवर जितकं लांब पोहोचता येईल तितकं पोहोचायचं, तोल न सोडता, आणि खूण करायची. मग पाय बदलायचा. 2006 मध्ये अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात, पुढच्या रेषेवर दोन पायांत चार सेंटिमीटरहून जास्त फरक असलेल्यांना त्या हंगामात पायाची दुखापत होण्याची शक्यता सुमारे अडीचपट आढळली होती. तो अभ्यास खो-खोचा नाही, म्हणून चार सेंटिमीटर ही काही लक्ष्मणरेषा नाही. पण ज्या मुलीला आपला पाय बरा वाटतो तिच्यासमोर जमिनीवर दोन खुणा उमटल्या की वाद घालावा लागत नाही.

पहिल्यांदा घोटा मुरगळलेल्यांपैकी शंभरातल्या सुमारे चाळिसांना वर्षभरानंतरही त्रास राहतो, असं आयर्लंडमधल्या एका अभ्यासात दिसलं. मला त्यातला उरलेला आकडा जास्त खुणावतो. साठ जण सावरले. त्यांच्याही घोट्याचे अस्थिबंध फाटले होते. त्यांच्या शरीराला पाय टाकायची जुनी रीत पुन्हा सापडली. चाळिसांतल्या बऱ्याच जणांना ती सापडू शकते, कुणी दाखवली तर.

त्या मुलीच्या पुढच्या रेषेवर त्या दिवशी सात सेंटिमीटरचा फरक आला. अकरा दिवसांत तो भरणार नव्हता आणि ते तिलाही कळत होतं. मी निवड समितीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. चाचणी पुढे ढकलणं त्याच्या हातात नव्हतं. तिच्या आईला घरी जाऊन भेटले. माऊली सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी मार्कं मिळतील का हो?" मी खरं तेच सांगितलं. बारावीला मिळतील, दहावीला नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मुलीला आत बोलावलं.

चाचणीच्या दिवशी मुलगी मैदानावर आली ती संघाच्या पाण्याच्या बाटल्या भरायला. मधल्या सुट्टीत सगळ्या मुली सावलीत बसल्या होत्या. ती एका कोपऱ्यात गेली, खिशातून खडूचा तुकडा काढला, जुन्या रेषा पुन्हा ठळक केल्या, बूट काढले आणि उजव्या पायावर उभी राहिली. डावा पाय हळूहळू पुढे सरकत गेला. खूण केल्यावर तिने बोटं आडवी ठेवून मोजलं. तीन बोटं कमी पडत होती. तिने खूण पुसली, पाय झटकला आणि पुन्हा उभी राहिली.